भिंतीत सव्वा इंच रुकडी

आदगोंडा, गेल्या आठवड्यात तुझी शोकसभा झाली. सहा जण बोलले आणि सहाही जण धादांत खोटं बोलले. सातवा मी. सगळ्यांत मोठं खोटं माझं होतं, फक्त ते खोटं आहे हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. आता कळलंय. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर तुझ्यावर लेख लिहायची हौस मला कधीच नव्हती.

आधी त्या सहांचं सांगतो, तुला मजा वाटेल. तुमच्या गल्लीतले माजी नगरसेवक पहिले उठले. पंधरा मिनिटं बोलले, त्यातली तेरा मिनिटं गटारीवर. उरलेल्या दोन मिनिटांत त्यांनी तुझं नाव दोनदा चुकवलं. दुसऱ्या गृहस्थांनी तू ‘आपल्यातलं लहान मूल जपलंस’ असं गहिवरून सांगितलं. तू आणि लहान मूल! पुतण्याच्या पोरानं सिग्नलला बोट लावलं तर त्याला कान धरून जिन्यापर्यंत नेणारा तू. तिसऱ्यांनी ‘कोल्हापूरचं मॉडेल रेल्वेचं विश्व पोरकं झालं’ म्हणून डोळे पुसले. ते विश्व म्हणजे तू आणि मी, दोघं. अख्ख्या शहरात तिसरा कुणी असता तर आपण त्याला पहिल्याच रविवारी भांडून हाकलला असता. बाकीच्या तिघांनी ‘खेळण्यातली आगगाडी’ हा शब्द वापरला. मी पहिल्या रांगेत बसून दातओठ खात होतो.

मग मला बोलावलं. मी भिंतीची गोष्ट सांगितली. मी लाकडात केलेलं रुकडी स्टेशन तुझ्या खोलीत बसेना, तू मला माप चुकलं म्हणालास, आणि शेवटी चूक तुझ्याच भिंतीची निघाली, तुला गवंडी आणून भिंत खोदावी लागली, ती गोष्ट. लोक हसले. शोकसभेत लोक हसले म्हणजे वक्त्याला बरं वाटतं, तसं मला वाटलं. ‘आमचा आदगोंडा वजनातला माणूस, लांबीत त्याचं काही चालायचं नाही,’ असंही वर ठोकून दिलं. वहिनी समोर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, दुःख आहे.

तुला वजनातला माणूस म्हणायची मला सवयच होती. सगळी नोकरी तू एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलीस. उसाची गाडी काट्यावर आली की वजन लिहायचं आणि पावतीच्या तळाला शेरा मारायचा. ‘शेरा: पाला जास्त.’ ‘शेरा: मागचं चाक काट्याबाहेर, पुन्हा घेतले.’ निवृत्त झालास तरी हात थांबला नाही. वहिनी सांगायच्या, वाण्याच्या यादीखालीसुद्धा तू शेरा मारायचास, ‘शेरा: गूळ काळा आला.’ असला माणूस साठी उलटल्यावर एक दिवस चपलांचा खोका काखेत मारून माझ्या दारात आला आणि म्हणाला, “मिस्त्री तुमीच न्हवं? लाकडात काय बी हुबेहूब करून देतासा म्हणं. मला रुकडी पायजे.”

मला वाटलं, माणूस सरकलाय. खोक्यात नुसते फोटो होते. रुकडी स्टेशनचे. त्यात एक माणूस नाही, एक गाडी नाही. दिव्याचा खांब समोरून, दिव्याचा खांब मागून, खांबाच्या बुडातली फरशी, त्या फरशीतली भेग. प्रत्येक फोटोच्या पाठीवर शेरा. ‘शेरा: भेग पावसाळ्यात वाढते.’ मी विचारलं, हे कशासाठी? तर तू म्हणालास, सत्त्याऐंशी पटीनं लहान करून ते सगळं स्टेशन घरात मांडायचं, वर पंचगंगेवरचा पूलसुद्धा. विजेच्या तारा यायच्या आधीचं रुकडी, जसं होतं तसं. तुझं आजोळ रुकडी, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की समोरचा माणूस वेडा आहे आणि माझ्याकडे रिकामा वेळ आहे.

मी पॅटर्नमेकर. नेसरीकडनं पोटासाठी आलो आणि शिरोलीच्या एका फाउंड्रीत चाळीस वर्षं लाकडाचे साचे केले. ओतकाम ज्या आकाराचं हवं, त्याचा आधी लाकडात हुबेहूब साचा करायचा, तो वाळूत दाबून काढून घ्यायचा, आणि त्या पोकळीत लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना जरासं आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो. हे सगळं मी तुला पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. तू बिस्किट चहात बुडवत “व्हय व्हय” करत होतास. बिस्किट कपात पडलं आणि तू चमच्यानं ते शोधत बसलास. मी मनात म्हटलं, ह्याच्या डोक्यावरनं गेलं. चाळीस वर्षांत मापासाठी माझा एकही साचा परत आला नाही, हेही मी तुला सांगितलं होतं. ते मी सगळ्यांनाच सांगतो.

सहा वर्षं चाललं आपलं. पूल तुझा, स्टेशन माझं, अशी वाटणी ठरली. स्टेशनचे तीन फळीभाग मी शाहूपुरीत माझ्या घरी करणार, पूल आणि नदी तू टेंबलाईवाडीला तुझ्या गच्चीवरच्या खोलीत करणार, आणि सगळं झालं की एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जोडायचं. रविवारी सकाळच्या मिरज गाडीनं रुकडीला जायचं, मापं घ्यायची, दुपारी परत. संध्याकाळी काही करायची सोय नव्हती, कारण तू जैन, सूर्य मावळायच्या आत तुला जेवायला खाली जायचं असे. हातातला डिंक ओला असला तरी तू उठायचास. मी म्हणायचो, तुझ्या धर्मानं माझी तीन झाडं वाळवली. तू म्हणायचास, “झाडाला काय, उद्या बी चिकटतंय.”

रुकडीच्या फलाटावर तू जे करायचास त्याची मला लाज वाटायची, हे आज सांगून टाकतो. हातात वही, कानावर पेन्सिल, गळ्यात कॅमेरा, आणि चेहऱ्यावर असा भाव की दिल्लीहून पाठवलाय. एकदा तू रुळाच्या कडेच्या कुंपणाला टेप लावून बसला होतास. गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी थांबली.

“पावणं, मोजणी कसली चाललीया? आमचं रान जातंय व्हय?”

“न्हाय मावशी. आमी ह्ये स्टेशन घरात बांधाय लागलोय.”

“घरात?”

“व्हय. गच्चीवर.”

तिनं भारा खाली ठेवला. तुला आपादमस्तक बघितलं आणि माझ्याकडे वळून, अगदी कळवळ्यानं विचारलं, “ह्यास्नी कवापासनं असं हाय?”

मी म्हटलं, “जन्मापासनं.” तू तेही वहीत लिहिलंस की काय कोण जाणे. पण तिचं रान जात नाही, हे तू तिला तीनदा शपथ घेऊन सांगितलंस आणि तिचा भारा गेटापर्यंत डोक्यावर नेऊन दिलास. माप तिथंच राहिलं. त्या कुंपणाचं माप आपण पुढं कधीच घेतलं नाही, माझ्या फळीवरचं कुंपण अंदाजाचं आहे.

खरं-खोटं ह्यावर तू इतकं बोलायचास की ऐकून कान किटायचे. रुळाखालची खडी म्हणून बाजारात रंगीत भुसा मिळतो, तो तुला चालायचा नाही. रुकडीहून पोतंभर दगड आणलेस, वहिनींच्या खलबत्त्यात कुटलेस आणि चहाच्या गाळणीतून चाळलेस. त्या महिन्यात तुमच्याकडचा चहा दाताखाली कचकचायचा. आणि एवढं करून रूळ कुठले? परदेशी, तयार. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा चांगले अरुंद. मी हे तुला दाखवून दिलं तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघायला लागलास. खडी खरी, रूळ खोटे. मी तुला ढोंगी म्हणालो. तू म्हणालास, “गाडी तर पळाय नको? तेवढं खोटं चालतंय.” मग बाकीचं का नाही चालत, विचारलं तर तू पुन्हा गाळणी हलवायला घेतलीस.

नदीवरनं तर आपण दोन पावसाळे भांडलो. तू पारदर्शक रसायन ओतून पंचगंगा केलीस, तळातले गोटेसुद्धा दिसतील अशी. मी म्हटलं, ही कुठली पंचगंगा? उन्हाळ्यात पुलावरनं बघ, जलपर्णीनं हिरवीगार झाकलेली असते. जसं आहे तसं करायचं ना?

“कंच्या सालातलं खरं, मिस्त्री? मी सात वर्षांचा हुतो तवा तळ दिसायचा.”

“तू सात वर्षांचा हुतास तवा हितं ही ब्रॉडगेजच नव्हती.”

 चौथ्या दिवशी बघतो तर पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी बोटभर जलपर्णी. वाळवलेली कोथिंबीर हिरव्या रंगात बुडवून चिकटवली होतीस. बोटभरच. बाकीची नदी तुझ्या बालपणाची. हा भांडण मिटवायचा तुझा प्रकार, आणि मी तोसुद्धा हसण्यावारी नेला. कोथिंबिरीचा वास येतो म्हणालो.

पुण्याहून ती हौशी मंडळी बघायला आली होती, आठवतंय? त्यांच्याकडे स्वित्झर्लंड असतं. बर्फाचे डोंगर, लाकडी घरं, घराघरांत दिवे. त्यांतल्या एकानं आपल्या फलाटावर वाकून विचारलं, “इथे काही ॲक्शन नाहीये का?” तू म्हणालास, “साडेदहाची गेली. आता दुपारपातूर काय न्हाय.” तो हसला, त्याला विनोद वाटला. तू गंभीर होतास. त्या एका वाक्यासाठी मी तुला सहा वर्षांची बडबड माफ केली होती. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्यावरही शेरा मारला असतास.

आता त्या भिंतीचं.

गेल्या दिवाळीनंतर माझे तीनही भाग टेम्पोत घालून आणले. चौघांनी जिन्यावरनं चढवले. तू खाली उभा राहून ‘सिग्नल, सिग्नल’ ओरडत होतास, आणि सिग्नल मोडला तो तुझ्याच कोपराने. वर नेऊन जोडलं. पुलाचे रूळ आणि स्टेशनचे रूळ असे मिळाले की नख अडकेना. मी मिशीवरनं हात फिरवला. मग वहिनी चहा घेऊन आल्या, जाताना त्यांनी दार ओढलं, आणि दार फळीवर आपटून थांबलं. माझं रुकडी दाराच्या वाटेत आलं होतं.

तू खिशातून टेप काढलीस. “मिस्त्री, तुझी बाजू सव्वा इंच वाढलीया.”

मी माझी पट्टी काढली. दोन फुटी, पोलादी, हातानं झिजून चकचकीत झालेली. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी ती मला देऊन टाकली होती. तीच पट्टी पाच वेळा लावून दाखवली. “दहा फूट म्हंजे दहा फूट. तुझी खोली कमी हाय.”

“टेप लाव की.”

“टेप शिंप्यानं लावायची.”

“आरं, फलाटाच्या मागनं सव्वा इंच काप. कुणाला कळतंय?”

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ‘कुणाला कळतंय’ हे शब्द खडी गाळणीतून चाळणाऱ्या माणसाच्या तोंडून! मी तुला काय काय बोललो ते वहिनींनी जिन्यावरनं ऐकलं. काटेवाल्यानं मला माप शिकवू नये, म्हणालो. शेवटी म्हणालो, “माझं माप फुटणार न्हाय. फोडायची तर भिंत फोड.” आणि पट्टी तिथंच टाकून निघून आलो. महिनाभर फोन नाही. मी घरात बसून रोज तुझी वाट बघत होतो आणि रोज ठरवत होतो की आलास तर दार उघडायचं नाही.

महिन्यानं तुझा फोन आला. “मिस्त्री, तुझंच बरोबर. भिंत वाकडी निघाली. गवंड्यानं वळंबा लावून दाखिवला. ये रविवारी.”

आलो. पलीकडच्या भिंतीत, जिथं नदी संपते तिथं, फळीच्या जाडीची लांबलचक खोबण खोदलेली. सव्वा इंच आत. तुझ्या पुलाचं टोक, त्यावरचे रूळ, खालची नदी, सगळं त्या खोबणीत सरकवलेलं. दार लागत होतं. माझी पट्टी तू स्वच्छ पुसून टेबलावर ठेवली होतीस. “तुझी पट्टी राहिलीती,” एवढंच म्हणालास.

त्यानंतर आठ महिने मी तुला सुखानं जगू दिलं नाही. चहाच्या गाड्यावर सांगितलं, फाउंड्रीतल्या जुन्या दोस्तांना सांगितलं, रुकडीच्या फलाटावर झाडू मारणाऱ्यालासुद्धा सांगितलं. कुणी नवीन माणूस खोलीत आला की आधी खोबण दाखवायची, मग रुकडी. “हे आमच्या काटेवाल्याच्या भिंतीचं वजन,” असं म्हणायचो. तू पलीकडे तोंड करून झाडाच्या फांद्या चिकटवत असायचास. खांदे हलायचे तुझे. मला वाटायचं, ओशाळून हसतोय.

मग एका सकाळी वहिनींचा फोन आला आणि तू गेला होतास. चहा घेतलास, खुर्चीत टेकलास, संपलं. आजार नाही, दवाखाना नाही. तुला साजेसंच. मला एक रविवारसुद्धा दिला नाहीस. रक्षाविसर्जनाला पुतण्या पंचगंगेवर चला म्हणाला. मी पाण्यात उभा राहून बघत होतो, तळ दिसतो का. दिसत नव्हता. तू हरलास, असं मनात आलं, आणि मग मला तिथं उभं राहवेना.

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी वहिनींनी बोलावलं. “भावजी, तुमची हत्यारं वर पडल्यात. न्हेतासा न्हवं?” मी गेलो. खोलीत तू नाहीस हे मला दारातच नडलं, म्हणून रागारागानं हत्यारं गोळा करायला लागलो. पटाशी सापडेना. तुझ्या टेबलाचा खण ओढला. पटाशी होतीच, तू न विचारता घेतलेली. तिच्याखाली पांढऱ्या पुठ्ठ्याची एक लांब पट्टी.

पुठ्ठ्यावर रेघांच्या दोन ओळी होत्या, एक लाल, एक निळी. वरच्या ओळीला तुझ्या पावतीवरच्या अक्षरात लिहिलेलं, ‘मिस्त्रीची पट्टी.’ खालच्या ओळीला, ‘बाजारातली पट्टी.’ पहिल्या इंचाला दोन्ही रेघा एकावर एक. सहाव्या इंचाला केसभर सरकलेल्या. फुटाला चांगल्याच. दोन फुटांच्या शेवटाला लाल रेघ निळीच्या जवळजवळ पाव इंच पुढं.

बघताक्षणी मला कळलं. चाळीस वर्षं ज्या हातानं तीच पट्टी धरली त्याला कळायला किती वेळ लागणार? आमच्या साच्याची पट्टी बाजारच्या पट्टीपेक्षा मोठी असते. मुद्दाम. लोखंड आकसतं तेवढी वाढ तिच्या रेघांतच धरलेली असते, म्हणजे कारागिरानं दरवेळी डोकं चालवायला नको. शंभराला एक. तिच्यावर तसं कोरलेलं होतं, ते माझ्या अंगठ्यानंच केव्हाचं घासून टाकलं. माझ्यासाठी फूट म्हणजे तो फूट, दुसरा फूट मी वापरलाच नाही. आणि तुझ्या रुकडीसाठी मी सहा वर्षं तीच पट्टी लावत बसलो. फलाट, शेड, पाण्याची टाकी, सगळं शंभराला एक मोठं. जणू माझं स्टेशन कधीतरी थंड होऊन आकसणार होतं! असली चूक एखाद्या शाळकरी पोराकडनं झाली नसती. पॅटर्नमेकरच करू शकतो.

पुठ्ठ्याच्या तळाला तू हिशेब मांडला होतास. दहा फुटाला सव्वा इंच. आणि खाली, नेहमीसारखा: ‘शेरा: सांगू नये.’

मी पुठ्ठा घेऊन खाली गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या. मी पुठ्ठा पुढं केला.

“ते व्हय,” त्या म्हणाल्या. तुमच्याकडच्या बायका ‘मी गेलो, मी आलो’ असंच बोलतात. “गवंडी यायच्या आदल्या दिवशी दिवसभर तेच रेघोट्या वढत बसलेते. मी इचारलो, काय काढलंय? तर म्हणाले, मिस्त्रीची पट्टी फाउंड्रीची हाय. लोखंड आकसतंय म्हणून ती मोठी असतीया. त्यानंच सांगिटलंतं मला.”

बिस्किट शोधताना तू ऐकत होतास तर.

“मग मला का नाही सांगितलं?”

“मी बी तेच म्हणालो. भिंत कशापायी फोडताय, सांगा की त्यास्नी. तर म्हणाले, सांगिटलं तर मिस्त्री गुमान येऊन फळी कापून दील. पर पुन्ना हितं पाय ठेवायचा न्हाय.” त्यांनी एक काडी बाजूला टाकली. “खरं की खोटं, भावजी?”

 खरंच होतं. मी फळी कापून दिली असती, एक शब्द न बोलता, आणि पुन्हा जिना चढलो नसतो. रस्त्यात दिसलास तर पलीकडनं गेलो असतो. चाळीस वर्षांचा माझा तोरा सव्वा इंचासाठी मोडला असता आणि त्याचा राग मी तुझ्यावर काढला असता. तू माणसाचं वजन बरोबर केलंस. मी आयुष्यभर लाकडाची मापं घेतली आणि सहा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं माप मला घेता आलं नाही.

“आणि परवा सभेत मी ते सगळं सांगत होतो तेव्हा, वहिनी?”

“तवा मला लई राग आलाता तुमचा,” त्या सरळ म्हणाल्या. “उठून सांगणार हुतो. पर त्यांनी सांगू नये लिवलंय न्हवं. मग गप बसलो. तुमी खण उघडशीला ते काय माझ्या हातात न्हवतं.” पटाशी वरच्या खोलीतच आहे हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

आदगोंडा, तुझा मला संताप येतो. आठ महिने तू मला स्वतःची फजिती गावभर वाटत फिरू दिलंस. मी खोबण दाखवत होतो आणि तू पाठमोरा हसत होतास. ओशाळून नव्हे, मजेनं. मला माणसांत उघडा पाडायला तुला एक पुठ्ठा पुरला असता, आणि तू तो पटाशीखाली लपवलास. वर माझी पट्टी पुसून परत दिलीस. एवढा मोठेपणा कुणी सांगितला होता? भिंत फोडण्यापेक्षा माझं तोंड फोडायचं होतंस. चार दिवस दुखलं असतं. नसतो आलो महिना, दोन महिने. पण कदाचित आलो असतो. कदाचित मला एकदा तरी ‘चुकलो’ म्हणता आलं असतं, आणि तू समोर असताना म्हणता आलं असतं. ती संधी तू माझ्याकडनं काढून घेतलीस. ह्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

आणि तू भिंत फोडलीस. खडीच्या दाण्यासाठी रडणाऱ्या माणसानं आपल्या घराची धडधाकट, सरळ भिंत फोडली, तिला वाकडी म्हणवून घेतलं, आपली निर्मळ नदी तिच्यात कोंबली, कशासाठी, तर रविवारी मी यावं म्हणून. ह्याचं काय करू मी? आभार मानायची मला सवय नाही. माझ्यावर एवढा जीव लावणारं दुसरं कुणी नाही, आणि तो मला मेथीच्या जुडीपाशी उभं राहून कळला.

वहिनींनी विचारलं, भिंत बुजवून घेऊ का, रंगकाम काढायचंय. मी म्हटलं, फळी कापतो आणि मग बुजवा. करवत घेऊन वर गेलो. फलाटाच्या मागं, तू दाखवलेल्या जागी, रेघ मारली. ह्या वेळी बाजारातली पट्टी लावली. करवत टेकवली आणि हात पुढं जाईना. कापलं तर भिंत सरळ होईल, माझं स्टेशन बरोबर होईल, आणि झालेलं सगळं पुसून जाईल. मी खाली येऊन सांगितलं, खोबण तशीच राहू दे, रंग तिच्याभोवतीनं द्या. वहिनी म्हणाल्या, “मला ठावं हुतं.”

तेव्हा शोकसभेत हसलेल्या सगळ्यांनी हे वाचावं. हा कागद मी गल्लीतल्या वाचनालयाच्या फलकावर लावणार आहे, माजी नगरसेवकांच्या घरी स्वतः नेऊन देणार आहे, आणि रुकडीच्या फलाटावर जाऊन त्या झाडूवाल्यालाही सांगणार आहे. चहाच्या गाड्यावर सकाळीच सांगून आलो. तिथं हसले. हसू देत.

काल तो पुठ्ठा खोबणीच्या वर भिंतीला ठोकला. तुझी ‘सांगू नये’ ही ओळ खोडली नाही, माझी हिंमत नाही. तिच्याखाली सुताराच्या पेन्सिलीनं माझी लिहिली.

‘शेरा: चूक मिस्त्रीची. येईल त्याला सांगावे.’